लाल गोळ्या खाऊनही रक्त का वाढत नाही?

गटाच्या बैठकीत, बाजारात, एसटीच्या थांब्यावर, कुठंही चार बायका भेटल्या की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘अंगात रक्तच नाही’. दुसरं, ‘हाडं दुखत्यात’. ही वाक्यं इतकी सवयीची झालीत की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं कुणाला वाटतच नाही. बाईच्या जातीला हे असायचंच, असं म्हणून आपण कामाला लागतो.

पण आकडा बघा. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय निघाला. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त. यातल्या बहुतेक जणींची कारणं आपल्याला माहीत आहेत. पाळीत जास्त अंगावर जाणं, लागोपाठ बाळंतपणं, पोटातले जंत, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं आणि जेवणावर लगेच चहा. त्यावर इलाजही आहे. पण काही जणी अशा असतात की त्या गोळ्या घेतात, पालेभाजी खातात, गूळ-शेंगदाणे खातात, तरी रक्त वाढत नाही. मग घरात म्हणतात, हिच्या अंगी काही लागतच नाही. ते वाक्य कधीकधी अक्षरशः खरं असतं. खाल्लेलं खरोखरच अंगी लागत नसतं. त्यामागच्या एका आजाराची माहिती आज आम्ही तुम्हाला देणार आहोत. त्याचं नाव सिलिॲक.

गव्हात असं काय आहे?

कणीक मळली की ती ताणली जाते. पुरण भरून लाटलं तरी पोळी फाटत नाही. ज्वारीच्या पिठाला हे जमत नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. गव्हाला हा चिवटपणा देणाऱ्या घटकाला ग्लुटेन म्हणतात. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळून चोळून धुतला, तर पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिकट गोळा उरतो. तोच ग्लुटेन. तो गव्हात आहे, सातूत म्हणजे बार्लीत आहे आणि परदेशात पिकणाऱ्या राय नावाच्या धान्यात आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई आणि राजगिरा यांत तो नाही.

बहुतेक माणसांना ग्लुटेनचा काहीच त्रास नसतो. पण काहींच्या शरीराला ते शत्रू वाटतं. रोगाशी लढणारी आपली जी ताकद असते, ती मग आपल्याच लहान आतड्यावर उलटते. लहान आतड्याला आतून बारीक बारीक केसांसारखे उंचवटे असतात. नव्या टॉवेलच्या दोऱ्यांसारखे. ते दोरे असतात म्हणून टॉवेल पाणी टिपतो. टॉवेल झिजून गुळगुळीत झाला की अंग पुसलं तरी ओलंच राहतं. सिलिॲकमध्ये आतड्याचे हे दोरे झिजतात. मग ताटात चांगलंचुंगलं असलं तरी आतडं ते टिपून घेत नाही.

ही अ‍ॅलर्जी नाही आणि अपचनही नाही. हा जन्मभराचा आजार आहे आणि तो कोणत्याही वयात दिसू शकतो. लहान मूल जुलाबानं वाळतं तेव्हा ओळखू येतो, पण तिशी-चाळिशीतल्या बाईतही तो उघडकीला येतो. या आजाराचा आणि गव्हाचा संबंध हॉलंडमधले मुलांचे डॉक्टर विलेम डिके यांनी दाखवला. त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथं भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा गावभर माणसं खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी हे सगळं लिहून मांडलं.

आपल्याकडं हा आजार आहे का?

बरीच वर्षं डॉक्टरांनाही वाटायचं की हा गोऱ्या लोकांचा आजार आहे. तसं नाही. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांत माणसं तपासून केलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडं सारखीच, म्हणजे साधारण तिघांत एकाकडं सापडली. पण रक्तातल्या आजाराच्या खुणा उत्तरेत शंभरात एकापेक्षा थोड्या जास्त लोकांत होत्या, तर दक्षिणेत हजारात एकाकडं. फरक कशाचा? उत्तरेत माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेत २५ ग्रॅम.

आता आपल्या माणदेशाकडं बघा. ही कमी पावसाची जमीन. इथं शाळू आणि बाजरी पिकते. म्हाताऱ्या माणसांना विचारा, चपाती सणाला नाहीतर पाव्हणा आला तर व्हायची. बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी परदेशी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पुढं रेशनवर गहू मिळू लागला, बाजारात मैदा-रवा आला, पोरांच्या डब्यात चपाती आली आणि चहाबरोबर बिस्किट, खारी, टोस्ट आले. भाकरी थापायला वेळ लागतो, चपाती सकाळी करून ठेवता येते, हेही खरं. यात वाईट काही नाही. पण ज्यांच्या अंगात हा आजार दडलेला आहे, त्यांच्या पोटात आता रोज दोन-तीन वेळा गहू जातो. म्हणून हे माहीत असायला हवं.

मोठ्या माणसांत हा आजार कसा दिसतो?

वाळलेलं अंग, सुटलेलं पोट आणि जुलाब, असंच चित्र डोळ्यासमोर ठेवलं तर आपण फसू. मोठ्या माणसाला जुलाब असतीलच असं नाही. उलट मलावरोध असू शकतो. अंगानं जाड बाईलाही हा आजार असू शकतो. पोट फुगणं, वात, जेवणानंतर जडपणा, सततचा थकवा, एवढंच असू शकतं. कधीकधी पोटाची तक्रारच नसते, नुसती कमतरता दिसते. त्या कमतरता एकेक करून सांगतो.

पहिली लोहाची. लोह आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सिलिॲकचा पहिला घाव तिथंच बसतो. म्हणून गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय ही मोठ्या माणसातली नेहमीची खूण. कित्येकदा ती एकटीच खूण असते.

दुसरी फोलिक ॲसिड आणि बी-१२ ची. यांच्या कमतरतेनंही रक्त कमी होतं, जीभ लाल होऊन सोलवटते, हातापायांना मुंग्या येतात. गरोदरपणात फोलिक ॲसिड कमी पडलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहू शकतो.

तिसरी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची. हाडं ठिसूळ होतात, कंबर-मांड्या ठणकतात, किरकोळ पडण्यानं मनगट मोडतं. पाळी गेल्यावर हाडं तशीही झिजतात. त्यात हा आजार असला तर झीज आणखी वाढते. चाळिशीच्या आतच हाड मोडलं, तर नुसतं प्लास्टर घालून गप्प बसू नये.

याशिवाय जस्त कमी पडलं की जखमा लवकर भरत नाहीत, केस गळतात, तोंडाची चव जाते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की संध्याकाळी कमी दिसतं. के जीवनसत्त्व कमी पडलं की जरा लागलं तरी काळंनिळं होतं. आतड्याचे दोरे झिजले की दूध पचवणारा रसही कमी होतो. मग दूध प्यायलं की पोट गुरगुरतं. आतडं सुधारलं की बहुतेकींना दूध पुन्हा पचू लागतं. तोवर दही-ताक सोसतं का ते बघावं.

सोबत येणारे आजार

शरीर आपल्याच एका अवयवावर उलटलं की दुसऱ्यावरही उलटू शकतं. म्हणून सिलिॲकबरोबर काही आजार जोडीनं येतात. थायरॉइड त्यात पहिला. थायरॉइडची गोळी वाढवत नेली तरी तपासणी जागेवर येत नसेल, तर गोळी शोषलीच जात नाही का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. दुसरा, लहान वयात होणारा आणि पहिल्यापासून इन्सुलिन लागणारा मधुमेह. अशा दर शंभर रुग्णांत साधारण तीन ते आठ जणांना सिलिॲकही सापडतो.

कोपर, गुडघे, पाठ आणि ढुंगणावर जोडीजोडीनं उठणारे, भयंकर खाजणारे बारीक फोड हीसुद्धा याच आजाराची खूण असू शकते. त्यावर नायट्याचं मलम लावून काही होत नाही. वरचेवर तोंड येणं, चालताना तोल जाणं, रक्त तपासणीत यकृताचे आकडे विनाकारण वाढलेले दिसणं, हेही त्यात मोडतं.

आणि आता जे बाईच्या वाट्याला येतं आणि जिच्यावर सगळ्यात जास्त बोल लागतो, ते. पाळी उशिरा येणं, दिवस न राहणं, पुन्हा पुन्हा गर्भ पडणं, कमी वजनाचं बाळ होणं. यांची कारणं पुष्कळ असतात आणि त्यातली काही नवऱ्याकडची असू शकतात. पण ओळखू न आलेला सिलिॲक हे एक कारण आहे, आणि त्यावर उपाय आहे. ज्या सुनेला घरानं वांझ म्हणून हिणवलं, देवऋषी केले, नवस केले, तिच्या रक्ताची एक तपासणी कुणी केली नाही, असं आपल्या भागात होऊ नये. म्हणून हे आम्ही स्पष्ट बोलतो.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, आजच घरातला गहू बंद करू नका. रक्त कमी असलेल्या बहुतेक बायकांना हा आजार नसतो. आधी साधी कारणं बघा. आशाताई देतात त्या लाल गोळ्या नीट घ्या. लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. गोळी रोज आणि नीट घेतली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक अंकानं वाढायला हवं. म्हणून गोळी सुरू करताना एकदा आणि महिन्यानं एकदा रक्त तपासा आणि दोन्ही चिठ्ठ्या जपून ठेवा.

गोळी घेऊनही आकडा हलला नाही, तर दवाखान्यात जाऊन एवढंच म्हणा: ‘डॉक्टर, गोळ्या रोज घेते, पाळी जास्त नाही, तरी रक्त वाढत नाही. सिलिॲकची तपासणी करायची का?’ ही तपासणी रक्ताची असते. तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. सोबत एकूण आयजीए किती आहे तेही बघतात, कारण काहींच्या अंगात तोच कमी असतो आणि मग तपासणी फसते. रक्तात खूण आढळली तर पोटाच्या तज्ज्ञांकडं पाठवतात. ते तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे घेतात आणि तपासतात. आपल्याकडच्या बायकांना त्यासाठी सातारा, सांगली किंवा मिरजेला जावं लागतं.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तपासणी होईपर्यंत गहू खाणं चालू ठेवा. आधीच गहू सोडला तर आतडं भरून येऊ लागतं, खुणा पुसल्या जातात आणि तपासणीत काहीच दिसत नाही. मग आजार आहे की नाही हे कळतच नाही.

तिसरी गोष्ट, आजार नक्की झाला तर आई, बहीण, भाऊ आणि मुलांचीही तपासणी करा. जवळच्या रक्ताच्या नात्यात दर शंभरात सात-आठ जणांना तो सापडतो.

औषध आपल्याच टोपल्यात

या आजाराला गोळी नाही. गहू आणि सातू कायमचे सोडणं हाच उपचार. शहरात याचं महागडं पीठ आणि बिस्किटं मिळतात. आपल्याला त्यांची गरज नाही. आपली भाकरी हेच औषध. बाजरीत १०० ग्रॅमला ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण तर जास्त लोहासाठीच निवडलेला आहे. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यावर मटकी, हुलगा, तीळ, शेवग्याचा पाला, अंडं असं आलटून पालटून घेतलं की ताट भरलं. नुसता भात, साबुदाणा आणि बटाटा खाऊन दिवस काढले तर गहू सुटेल, पण कमतरता तशीच राहील.

पण गहू लपून बसतो, तिथं सावध राहायला हवं. ठळक जागा अशा:

खपली गहूसुद्धा गहूच आहे. आपल्या सातारा-सांगलीकडं तो पौष्टिक म्हणून देतात, पण या आजारात चालत नाही. रवा, मैदा, शेवया, कुरडई, लापशी, गव्हाची खीर, सगळं बंद. प्रसादाचा शिराही बंद. बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू घालतात. सातूचं पीठ नको. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. अंगणवाडीतून आलेल्या शिध्यातही गहू असू शकतो, विचारून घ्या. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलं असेल तर आपल्या देशाच्या नियमानं त्यात किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये.

आणि गिरणी! गव्हावर ज्वारी दळली तर पहिल्या काही किलोत गव्हाचं पीठ येतंच. गिरणीवाल्या भाऊंना सांगून गहू दळायच्या आधी, गिरणी झाडून घेतल्यावर दळण टाका. घरघंटी किंवा जातं असेल तर ते फक्त भाकरीच्या धान्याला ठेवा. भाकरी तुटू नये म्हणून पिठात मूठभर कणीक घालायची सवय असेल तर ती सोडा, उकळतं पाणी घालून पीठ मळा. परात, पोळपाट आणि पिठाचा डबा वेगळा ठेवा. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात तिचे पापड तळू नका.

हे सगळं पाळलं तर थोड्याच आठवड्यांत तरतरी येते. रक्त आणि हाडं सावकाश सुधारतात. मोठ्या माणसाचं आतडं पूर्ण भरून यायला वर्ष, दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. तोवर डॉक्टर लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ यांच्या गोळ्या देतात, त्या मध्येच सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणून ‘एका चपातीनं काय होतंय’ असं म्हणू नका. थोडा गहूही आतड्याला पुन्हा जखम करतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर क्वचित आतड्याचा कॅन्सरही होऊ शकतो.

घराची साथ

खरी अडचण पिठाची नसते, माणसांची असते. सासूबाईंना वाटतं, सुनेचे नखरे. नवऱ्याला वाटतं, एकीसाठी वेगळा स्वयंपाक कशाला. पाहुण्यांकडं गेल्यावर ‘घास तरी घे’ म्हणून हात धरतात. पोरीला आजार आहे म्हटल्यावर आई-बाप लग्न ठरेपर्यंत लपवतात आणि पोरगी सासरी जाऊन गुपचूप चपाती खात राहते, पुन्हा आजारी पडते.

मैत्रिणींनो, आपल्या घरात एकादशीला वेगळं शिजतंच ना? उपवासाच्या भांड्याला खरकटा हात लागू देत नाही ना? ते आपल्याला जड जात नाही, कारण त्याला मान आहे. मग एका आजारी बाईच्या भाकरीला तेवढाच मान द्यायला काय हरकत आहे? भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी अख्ख्या घरानं खावी. गौरी-गणपतीला तांदळाच्या उकडीचे मोदक करावेत. एक वेळ सगळ्यांनीच भाकरी खाल्ली तर वेगळं काही करावंच लागत नाही. आणि लग्न जमवताना सरळ सांगावं: मुलगी सगळं काम करते, शेतात राबते, फक्त गहू खात नाही. एवढ्यावर जे घर माघार घेईल, ते घर तिच्या उपयोगाचं नव्हतंच.

पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर आणखी एक वही ठेवा. प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आणि तारीख लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. ज्यांचा आकडा वर गेला त्यांचं कौतुक करा. जिचा आकडा गोळ्या खाऊनही तिथंच थांबला असेल, तिला ‘तुझ्या अंगी काही लागत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. दोघीजणी तिच्याबरोबर दवाखान्यात जा.